नव्वदच्या जरा खाली

राजेशम दुस्सा, वय एकोणसाठ,
पद्मानगरच्या मागच्या गल्लीत टॉवेलचा कारखाना.
कारखाना दुसऱ्याचा, खोकला स्वतःचा.
अकरा वर्षांपूर्वी टीबी झाला, बरा झाला,
जाताना फुफ्फुसात एक रिकामी खोली ठेवून गेला.
त्या खोलीत आता कुणीतरी राहतंय.
थुंकीत टीबीचा जंतू नाही,
तरी दोनदा टीबीच्याच गोळ्या सुरू झाल्या,
कारण इथे खोकला म्हटलं की
आधी तेच दार वाजवतात.

मी नळी घेऊन गेले तेव्हा म्हणाला,
"रक्ताला काय विचारता म्याडम, मलाच विचारा की.
चाळीस वर्षं कापूस गिळतोय."

पण काही गोष्टी माणसाच्या आधी
त्याच्या रक्ताला कळतात.
बुरशीला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही.
ती आधी पचवते, मग खाते,
विकरं सोडते समोरच्या भिंतीवर,
भिंत विरघळली की आत ओढून घेते.
चुलीशिवाय स्वयंपाक, तोही दुसऱ्याच्या घरात.
त्याचा वास रक्त ओळखून ठेवतं.

सहा दिवस फ्लास्क हलत राहिला,
आत फिकट गोळे,
टॉवेलवरून झाडलेल्या तुसाचे असावेत तसे.
सातव्या दिवशी गाळलं.
बुरशी टाकून दिली, तिचं उष्टं पाणी ठेवलं,
विजेनं ते उभं विंचरलं,
जड वर अडकले, हलके खाली उतरले,
मग सगळं पांढऱ्या पडद्यावर टिपून घेतलं,
मोकळ्या जागा दूध पावडरीनं बुजवल्या
आणि राजेशमच्या रक्ताचं निवळ पाणी वर सोडलं.
नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, पाळी उद्याची.
डिस्टिल्डचा शेवटचा कॅन
मी तुपासारखा वापरला.

रेघ आली.
नव्वदच्या जरा खाली, ठसठशीत,
चादरीच्या काठाला असते तशी.
चोर नाही, पण चोराची सुरी सापडली,
असं वाटून मी एकटीच हसले.

शेजारच्या पट्टीत निरोगी माणसाचं रक्त लागतं, तुलनेला.
त्या आठवड्यात निरोगी माणूस मिळाला नव्हता,
म्हणून माझंच घातलेलं.
तिथेही रेघ होती.
फिकट. पण त्याच उंचीवर.

पडदा खिडकीशी नेला, उलटा धरला,
चष्मा पुसला.
मग आठवला खालच्या खोलीतला माग,
कांड्या भरणारी आई,
धोट्याच्या खटखटीत लागलेली माझी झोप,
आणि पहाटे पापण्यांवर तूस.
आमची ओळख तेव्हाची.
आजारी न पडता झालेली.

हिरेमठ बाईंनी पडदा पाहिला, चहा संपवला,
म्हणाल्या, "हा प्रतिजन बाद.
ह्या गावात अर्ध्या लोकांचं रक्त याला हो म्हणेल.
ज्याला फक्त आजारी रक्तच ओळखतं, तो शोध."

खाली, चाळीसच्या आसपास, एक केसाएवढी रेघ आहे.
राजेशमच्या पट्टीत आहे, माझ्या पट्टीत नाही.
किंवा डाग असेल.
डाग आहे की साक्ष, हे ठरवायला
तीस आजारी हवेत, तीस धडधाकट,
आणि पहिल्यापासून पुन्हा राजेशम.

"परत? मागचं रक्त काय म्हणालं?"
"हो म्हणालं."
"मग?"
"माझंपण हो म्हणालं."
तो हसला. हसणं अर्ध्यात खोकला झालं.
रुमाल खाली घेऊन त्यानं तेलुगूत विचारलं,
कुणाची गं तू?
येमूलांची, मी म्हणाले,
विडी घरकुलात होतो, माग विकायच्या आधी.
त्यानं माग बंद केला नाही,
फक्त एक बाही वर सरकवली.

नळीवर नाव लिहिताना
ओल्या शाईला तूस चिकटलं.